अमेरिकेत रोड ट्रिपवर 'घरच्यासारखं' जेवण देणारे बुफे : कुठे, कधी आणि काय बघून शिरायचं?

वाटसरू
जूनमध्ये न्यू जर्सीहून नॅशव्हिलपर्यंत गाडीने जायचं ठरतंय. बरोबर सत्तरीचे आईबाबा आहेत. मार्ग साधारण असा: पेनसिल्व्हेनियातला लँकेस्टर भाग, मग आय-८१ हा इंटरस्टेट हायवे धरून व्हर्जिनियातली शेनंडोआ व्हॅली, पुढे नॉक्सव्हिल आणि आय-४० ने नॅशव्हिल. बर्गर-सँडविच त्यांना दोन दिवसांच्या वर चालणार नाही. गरम, मऊ, चमच्याने खाता येईल असं जेवण हवंय. इंडियन बुफे मोठ्या शहरांत मिळतीलच, ते या धाग्यात नकोत. तिकडची माणसं घरी जे जेवतात ते कुठे मिळेल?
आई शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं), बाबा चिकन-मासे खातात, बीफ-पोर्क नाही. बुफे निवडताना काय बघायचं, किती वाजता जायचं आणि आईच्या ताटात नकळत काय येऊ शकतं, हे जाणकारांनी सांगावं.

लांबपल्ला
आधी चार प्रकार वेगळे करून घ्या. आपण सगळ्यांना सरसकट बुफे म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

बुफे म्हणजे एकदा पैसे भरा, हवं तितकं घ्या. लँकेस्टर भागात यालाच स्मॉर्गसबोर्ड म्हणतात. कॅफेटेरियात ट्रे सरकवत पुढे जायचं, काउंटरमागचा माणूस वाढतो आणि प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे लागतात. 'मीट अँड थ्री' हा खास दक्षिणेतला, त्यातही टेनेसीचा प्रकार: एक मांसाहारी पदार्थ आणि तीन भाज्या, सोबत कॉर्नब्रेड. चौथा प्रकार फॅमिली स्टाइल. मोठ्या टेबलावर अनोळखी माणसांबरोबर बसायचं, वाडगे हातोहात फिरतात.

आईबाबांचं खाणं बेताचं असेल तर बुफेपेक्षा कॅफेटेरिया किंवा मीट अँड थ्री परवडतं. पैसे वाचतात हे आहेच. शिवाय वाढणारा माणूस समोर असतो, त्यामुळे 'यात काय आहे' हे तिथल्या तिथे विचारता येतं. बुफेत ट्रेजवळ बऱ्याचदा कोणीच नसतं.

आता तुमचा मार्ग. लँकेस्टर काउंटीत ईस्ट अर्लला शेडी मेपल आहे. टर्नपाइकच्या (टोलवाल्या हायवेच्या) मॉर्गनटाउन एक्झिटवरून उतरून रूट २३ ने पश्चिमेला जायचं. प्रचंड मोठं स्मॉर्गसबोर्ड आहे. रविवारी बंद. त्या भागातली मेनोनाइट (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबांची बरीच उपाहारगृहं रविवारी बंद असतात, म्हणून तो मुक्काम शनिवारपर्यंत उरकेल असा बेत करा. व्हर्जिनियात हॅरिसनबर्गच्या आसपासही मेनोनाइट वस्ती आहे, तिथेही हाच हिशेब धरा.

नॅशव्हिलमध्ये स्वेट्स हे १९५४ पासूनचं ठिकाण आहे, ट्रे सरकवत जायची पद्धत. एक दिवस जास्त असेल तर टेनेसीतल्याच लिंचबर्गला मिस मेरी बोबोज् बोर्डिंग हाउस. १९०८ पासून चालत आलेलं, फॅमिली स्टाइल, आरक्षण केल्याशिवाय जाऊ नका. तिथल्या सफरचंदांच्या गोड पदार्थात व्हिस्की असते. घरात कोणी वर्ज्य करत असेल तर आधी सांगून ठेवा.

कणीकोंडा
लांबपल्ला यांच्याशी सहमत, एक भर घालते. हायवेवर एक्झिटच्या आधी 'फूड' लिहिलेली निळी पाटी असते, तिच्यावर विसंबू नका. तिथे चिन्ह लावायला पैसे भरावे लागतात, म्हणून बहुतेक साखळी हॉटेलंच दिसतात. गावातलं चांगलं जेवण त्या पाटीवर नसतं. आय-८१ ला जवळजवळ समांतर यूएस-११ हा जुना रस्ता आहे, शेनंडोआ व्हॅलीतली गावं त्याच्यावर आहेत. जेवणाच्या अर्धा तास आधी हायवे सोडून त्या रस्त्याला लागा.

क्रॅकर बॅरलचं नाव अशा यादीत हमखास येतं. १९६९ साली टेनेसीतल्या लेबननमध्ये सुरू झालेली ही साखळी. जेवण घरगुती वळणाचं आहे, पण बुफे नाही, टेबलावर मागवावं लागतं. अडीनडीला ठीक.

शाकंभरी
आईंच्या ताटाबद्दल सविस्तर लिहिते, कारण दक्षिणेत 'व्हेजिटेबल' हा शब्द शाकाहारी या अर्थाने वापरत नाहीत. मीट अँड थ्रीच्या फळ्यावर मॅकरोनी अँड चीजसुद्धा भाज्यांच्या यादीत असतं. आणि भाजी डुकराच्या मांसाशिवाय शिजवली तर तिला चव नाही असं तिथल्या जुन्या स्वयंपाकात मानतात.

सगळ्यात मोठा सापळा ग्रीन बीन्सचा. हिरव्यागार, कचकचीत शेंगा असतील तर बहुधा नुसत्या लोण्यात असतात. पण मळकट शेवाळी रंगाच्या, बोटाने दाबली तर मोडेल अशा मऊ शेंगा दिसल्या की समजायचं, हॅमच्या हाडाबरोबर किंवा बेकनबरोबर दीड-दोन तास शिजल्यात. ट्रेमधल्या पाण्याकडे वाकून बघा. वर तेलाचे गोल गोल थेंब तरंगत असतील आणि तळाशी गुलाबी दोऱ्यासारखे तुकडे असतील तर शंकाच नको. तुकडे दिसले नाहीत तरी विचारायचंच. हाड काढून टाकलेलं असतं, पाणी तेच असतं.

कॉलर्ड आणि टर्निप ग्रीन्स (आपल्या मोहरीच्या पाल्यासारखी पालेभाजी), शिजवलेला कोबी, पिंटो बीन्स, ब्लॅक-आइड पीज म्हणजे आपली चवळी, या सगळ्यांचं तेच. काही ठिकाणी पोर्कऐवजी स्मोक्ड टर्की वापरतात. बाबांना ते चालेल, आईंना नाही.

वरून निरुपद्रवी दिसणारे पदार्थ:
– ड्रेसिंग किंवा स्टफिंग : पावाचा चुरा, पण बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात भिजवलेला.
– भात : पांढरा असेल तर विचारून घ्या, पिवळसर असेल तर बहुधा चिकन ब्रॉथमधला.
– मॅश्ड पोटॅटो : चालतात. ग्रेव्ही मात्र, पांढरी असो वा तपकिरी, घेऊ नका. पांढऱ्या ग्रेव्हीत बऱ्याचदा सॉसेजची चरबी असते.
– कॉर्नब्रेड : काही घरगुती ठिकाणी तवा बेकनच्या चरबीने माखतात.
– बिस्किटं (इथे म्हणजे मऊ, खारे पाव) आणि पाय (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) : काही ठिकाणी पिठाला लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, लावतात.
– रताळ्याचा कॅसरोल : वर मार्शमेलो असेल तर त्यात जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला पदार्थ. थरथरणारी रंगीत जेली आणि तिच्यात क्रीम घालून केलेली गुलाबी-हिरवी 'सॅलड'ही त्यातलीच.
– भेंडी, हश पपी (मक्याच्या पिठाची भजी), फ्राइज : कढईतलं तेल चिकन-माशाचंच असू शकतं. हे कितपत चालतं ते आईंनी ठरवायचं.

निर्धास्तपणे घेण्यासारखं : सालासकट भाजलेला बटाटा, कणसं, कॉटेज चीज, बीटाचं लोणचं, काकडी-कांदा व्हिनेगरमधला, ॲपल सॉस, फळं, यीस्ट रोल. मॅकरोनी अँड चीजमध्ये सहसा मांस नसतं. प्रश्न रेनेटचा, म्हणजे चीज करताना दूध फाडायला घालतात त्या विकराचा; जुन्या पद्धतीत ते वासराच्या पोटातून घेतात. अमेरिकेत १९९० साली किण्वनातून बनवलेल्या रेनेटला परवानगी मिळाली आणि आता तिथलं बहुतेक चेडर त्यावरच होतं. परमेजानला मात्र वासराचं रेनेट असू शकतं.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची. 'इज धिस व्हेजिटेरियन?' असं विचारलंत तर 'हो, भाजीच आहे' असं प्रामाणिक उत्तर येईल. त्यापेक्षा नावं घेऊन विचारा : 'इज देअर एनी हॅम, बेकन ऑर चिकन ब्रॉथ इन द ग्रीन बीन्स?' वाढणाऱ्या मुलाला माहीत नसेल तर 'कुड यू प्लीज आस्क द कुक?' म्हणा. विचारल्याचा कोणाला राग येत नाही, फक्त ऐन बाराच्या गर्दीत विचारू नका. साडेदहाला फोन करून विचारलं तर स्वयंपाकी स्वतः सांगतो.

वाटसरू
शाकंभरी, फारच उपयोगी माहिती. प्रिंट काढून गाडीत ठेवतो. मग आईला पोटभर, गरम असं काय उरतं? नुसते बटाटे आणि कणसं तीन दिवस कशी चालतील?

शाकंभरी
उरतं की. ज्या ठिकाणी पिंटो बीन्स मांसाशिवाय करतात (असतात अशी ठिकाणं, विचारावं लागतं), तिथे पिंटो बीन्स, वर चिरलेला कच्चा कांदा, बाजूला कॉर्नब्रेड आणि चाऊ-चाऊ. हे कोबी-ढबू मिरचीचं आंबटगोड लोणचं. उसळ-भाकरीच्या इतकं जवळचं जेवण त्या मुलखात दुसरं नाही. घरची लसणाची चटणी पिशवीत ठेवा, बीन्सवर चमचाभर टाकली की आईंचं जेवण झालं.

सकाळी ग्रिट्स बघा. मक्याच्या कण्याच त्या. पाण्यात किंवा दुधात शिजवलेल्या, वर लोणी. साखर न घालता मीठ-मिरपूड घालून खाल्ल्या तर सांज्यासारख्या लागतात. ग्रिट्स ताज्या असतील तर चमच्यावरून सरकतात. ढेकूळ होऊन पडल्या तर ट्रेमध्ये तासभर तरी बसल्यात. थोडं गरम दूध मागून घालून ढवळा, पुन्हा मऊ होतात.

लँकेस्टर भागात बटर नूडल्स मिळतात. लोणी तपकिरी होईपर्यंत कढवून त्यावर ओततात, वास थेट तुपासारखा. पण काही ठिकाणी नूडल्स चिकनच्या पाण्यात उकडतात. हाही प्रश्न यादीत लिहून ठेवा.

मुदपाकखाना
पदार्थ कोणता घ्यायचा ते वर आलंय. मी ट्रे कसा वाचायचा ते सांगतो. चांगली पाककृती असली तरी स्टीम टेबलवर (खालच्या वाफेने ट्रे गरम ठेवणाऱ्या टेबलावर) दीड तास राहिली की तिची रया जाते.

पैसे भरण्यापूर्वी 'मे वी टेक अ क्विक लुक?' म्हणून एक फेरी मारा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. बघायचं ते हे.

पहिलं, भांड्याची खोली. स्टीम टेबलचा पूर्ण ट्रे साधारण २० बाय १२ इंचाचा असतो. तोच ट्रे अडीच इंच खोल, चार इंच आणि सहा इंच असा मिळतो. दुपारी अडीचला चार-सहा इंची ट्रे काठोकाठ भरलेला दिसला तर तो रात्रीपर्यंत पुरवायचा विचार आहे. उथळ किंवा अर्धे ट्रे आणि ते सतत बदलणारी माणसं दिसली तर स्वयंपाकघर चालू आहे.

दुसरं, मॅकरोनी अँड चीजच्या कडा. कडेला पिवळं तेल सुटून मधे दाणेदार गोळा झाला असेल तर चीजचा सॉस फाटलाय. उष्णता जास्त किंवा वेळ जास्त, दोन्हीने हे होतं. नूडल्स फुगून आळ्यांसारख्या जाड दिसतात. ताज्या ट्रेवर तपकिरी पापुद्रा असतो आणि चमचा घातला की तो तुटतो.

तिसरं, तळलेलं चिकन. ट्रेला झाकण असेल किंवा खाली जाळी नसेल तर वाफेचं पाणी तळाशी साचतं, खालचे तुकडे लिबलिबीत होतात. तुकडा उचलण्याआधी 'व्हेन इज द नेक्स्ट बॅच?' विचारा. हाडासकट चिकन तळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढी वाट बघण्यासारखी असते. बाबांना भाजलेलं चिकन हवं असेल तर मांडीचा भाग घ्या. छातीचा भाग दिव्याखाली पहिला सुकतो.

चौथं, मॅश्ड पोटॅटो. चमच्याच्या मागच्या बाजूने दाबून बघा. बारीक गुठळ्या, एखादं सालीचं कण म्हणजे खरे बटाटे. एकसारखं, चकाकणारं, चिकट असेल तर बहुधा पुडीतलं.

आता तापमान. अमेरिकेच्या फूड कोडप्रमाणे (उपाहारगृहांसाठीची अन्नसुरक्षेची नियमावली) गरम पदार्थ १३५ अंश फॅरनहाइट म्हणजे ५७ सेल्सियसच्या वर आणि थंड ४१ अंश फॅरनहाइट म्हणजे ५ सेल्सियसच्या खाली ठेवायचे असतात. तुमच्याजवळ थर्मामीटर नसेल, पण ५७ अंशांचा पदार्थ ताटात घेतल्यावर पहिला घास फुंकरावा लागतो. कोमट लागला तर तो पदार्थ सोडून द्या. वृद्ध माणसांसाठी हा नियम कडक पाळा. त्यातही भात, ग्रेव्ही, अंड्याचे पदार्थ आणि मेयोनेज घातलेली सॅलड. सॅलडचं भांडं बर्फात नुसतं टेकवलेलं असून चालत नाही, बर्फ पदार्थाच्या उंचीपर्यंत हवा.

आणि एक. दुसऱ्यांदा घ्यायला जाताना नवं ताट घ्यायचं. वापरलेलं ताट घेऊन रांगेत जायचं नाही, हाही फूड कोडचाच भाग आहे. आपल्याकडच्या ज्येष्ठांना ताट वाया घालवल्यासारखं वाटतं, त्यांना आधी सांगा म्हणजे कोणी टोकल्यावर अवघडल्यासारखं होणार नाही.

वाटसरू
वेळेबद्दल कोणी सांगेल का? आम्ही व्हर्जिनियात रविवारी दुपारी असू.

कणीकोंडा
रविवार दुपार हीच सगळ्यात चांगली वेळ. पदार्थ जास्त, ट्रे भराभर बदलतात. सोमवारी लहान गावांतली बरीच ठिकाणं बंदच असतात.

लांबपल्ला
पदार्थांबद्दल बरोबर, पण सत्तरीच्या माणसांना घेऊन बारा वाजता गेलात तर चर्च सुटल्याची गर्दी गाठेल आणि अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागेल. रविवारी अकराच्या आत पोचा, नाहीतर पावणेदोननंतर. पावणेदोनला गेलात तर आधी फोन करून 'शेवटचा ट्रे किती वाजता भरता' हे विचारा. बंद व्हायची वेळ तीन असली तरी भरणं अडीचलाच थांबतं.

इतर दिवशी सव्वाअकरा. साडेअकराला आसपासचे कामगार येतात. पार्किंगमध्ये त्याच राज्याच्या नंबरप्लेटची पिकअप आणि कंत्राटदारांच्या गाड्या दिसल्या तर जागा बरोबर सापडली. बाहेर फळ्यावर वारानुसार पदार्थ लिहिले असतील, मंगळवारी मीटलोफ, शुक्रवारी कॅटफिश असे, तर ती आणखी चांगली खूण.

मोठ्या साखळ्यांत, उदाहरणार्थ गोल्डन कोरल (१९७३, फेएटव्हिल, नॉर्थ कॅरोलिना), दुपारचा दर संपून संध्याकाळचा सुरू होतो तो साधारण साडेतीन-चारच्या सुमारास. शनिवार-रविवारी बऱ्याच ठिकाणी दिवसभर संध्याकाळचाच दर. ज्येष्ठांची सवलत ६० पासून मिळते का ते विचारा, आपणहून लावत नाहीत. पेयाचे पैसे बहुधा वेगळे. दक्षिणेत 'टी' म्हटलं की साखरेच्या पाकासारखा थंड चहा येतो. 'अनस्वीट' म्हणा, किंवा 'हाफ अँड हाफ', म्हणजे अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा. मधुमेह असेल तर हे आधी पाठ करून ठेवा.

२०२० नंतर या धंद्यातली कितीतरी ठिकाणं बंद पडली. सूपलँटेशनसारखी सूप-सॅलड बुफेची साखळी त्याच वर्षी बंद झाली. म्हणून जुन्या प्रवासवर्णनावरून निघू नका. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, नुसता नकाशा बघून भागत नाही.

पानसुपारी
टिपेबद्दल कोणी लिहिलं नाही. टेबलावर जेवण आणून देतात तिथे १५ ते २० टक्के. बुफेत ताटं उचलणारा आणि पाणी भरणारा माणूस असतो, त्याला साधारण १० टक्के ठेवण्याची रीत आहे. ते रोख ठेवा. कॅफेटेरियात ट्रे टेबलापर्यंत उचलून नेला तर त्या माणसाला हातात द्या.

वाटसरू
उरलेलं बांधून घेता येतं का? संध्याकाळी मोटेलवर आईबाबांना थोडंच लागतं.

मुदपाकखाना
'हवं तितकं खा'च्या दरात बांधून देत नाहीत, आणि पर्समध्ये रोल भरणं तर अजिबात नको. बऱ्याच ठिकाणी वजनावर डबा भरून घेता येतो, तो रीतसर विकत घ्या. मीट अँड थ्रीमध्ये उरलेलं बांधून देतात.

गाडीत न्यायचं तर वेळेचं गणित सांभाळा. शिजवलेलं अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. बाहेर ९० अंश फॅरनहाइटच्या वर असेल तर एकच तास. जूनमध्ये टेनेसीत ते सहज होतं, आणि बंद गाडीत त्याहून लवकर. बर्फाची पेटी ठेवा. डबा तळाशी, बर्फाच्या पिशव्या वर आणि बाजूला. मोटेलमध्ये मायक्रोवेव्ह असेल तर १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे मधोमधही वाफ येईपर्यंत, मधे एकदा ढवळून गरम करा.

कणीकोंडा
गाडी चालवणाऱ्याने दुपारी निम्मंच जेवावं हेही लिहून ठेवा. मॅकरोनी, बटाटे, रोल आणि वर कॉबलर (फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड), एवढं झाल्यावर आय-४० वर डोळे जड होतात. पहिल्या फेरीत प्रत्येक पदार्थाचा एकेकच चमचा घ्या, आवडलेले दोन पुन्हा घ्या. मीठही या जेवणात बरंच असतं, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी हॅम आणि ग्रेव्ही टाळली तरी खूप फरक पडतो.

गोडात बाबांसाठी लँकेस्टरचा शूफ्लाय पाय, लार्ड नाही ना ते विचारून. काकवीसारख्या मोलॅसिसचा, खालून ओलसर, वर भुरभुरीत. ओला भाग तळाशी दिसतो तो घ्या, पूर्ण कोरडा म्हणजे जुना. आईंसाठी टेनेसीत बनाना पुडिंग. दूध-अंड्याचं कस्टर्ड, केळी आणि व्हॅनिलाची बिस्किटं. केळ्याच्या चकत्या पांढऱ्या असाव्यात. कडेने काळपट पडल्या असतील तर पुडिंग कालचं. बिस्किटं मात्र मुरून मऊ झालेलीच चांगली.

वाटसरू
सगळ्यांचे आभार. आता बेत असा: शनिवारी सकाळी अकराला ईस्ट अर्ल, रविवारी पावणेअकराला शेनंडोआ व्हॅलीत यूएस-११ वर, सोमवारी दुपारी दोनला नॅशव्हिलच्या अलीकडे कुठेतरी मीट अँड थ्री.

लांबपल्ला
सोमवारचं बदला. एक म्हणजे सोमवारी काय उघडं आहे ते रविवारीच फोन करून नक्की करा. दुसरं, नॉक्सव्हिल ईस्टर्न वेळेत आहे आणि नॅशव्हिल सेंट्रलमध्ये. आय-४० वर रोन काउंटी संपून कंबरलँड काउंटी लागली की घड्याळ एक तास मागे जातं. तुमच्या पोटाचे दोन वाजतील तेव्हा क्रॉसव्हिलमध्ये एक वाजलेला असेल. पश्चिमेला जाताना हे तुमच्या फायद्याचं. परतीच्या वाटेवर मात्र तोच तास जातो: क्रॉसव्हिलहून एक वाजता निघून पूर्वेला पोचाल तोवर तिथे अडीच-तीन वाजलेले असतील आणि ट्रे उचललेले. त्या दिवशी जेवण क्रॉसव्हिलच्या अलीकडेच उरका.

शाकंभरी
आणि पिंटो बीन्सचा फोन साडेदहाला करायचा तोही त्या गावच्या साडेदहाला.